फी माफ आहे, तारीख माफ नाही

घरचा माणूस जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा कारागृहात गेला की घरी पहिला हिशेब पैशांचा मांडला जातो. वकिलाचे किती, जामिनाचे किती, आणि पुढे अपील किंवा दावा करायचा झाला तर कोर्टाच्या तिकिटाचे किती. या तिसऱ्या आकड्याची धास्ती सगळ्यांत मोठी असते, कारण तो कुणी धड सांगत नाही. मग कापूस विकला जाऊ दे, केळीचे पैसे हातात येऊ देत, नंतर बघू, असे ठरते आणि दोन-तीन महिने निघून जातात. हा लेख त्या ‘नंतर बघू’च्या विरोधात आहे. कैद्याकडे फी भरायला पैसे नाहीत एवढ्याच कारणावरून त्याचा अर्ज, अपील किंवा दावा बुडावा, अशी आपल्याकडच्या कायद्याची रचना नाही. उलट फीच्या बाबतीत कायद्याने जागोजागी सवलत ठेवली आहे. प्रकरण बुडते ते मुदत टळल्यामुळे, कागद अपुरे राहिल्यामुळे, किंवा तारखेला वादीच्या बाजूने कुणीच उभे न राहिल्यामुळे. म्हणून नातेवाइकांनी आपली धावपळ पैशांकडून कॅलेंडरकडे वळवावी, एवढेच मला सांगायचे आहे. ते का, आणि नेमके काय करायचे, हे पुढे सविस्तर.

आधी फीचे बघू. तुरुंगातून कोर्टात जाणारे कागद सरसकट एका जातीचे नसतात, आणि इथेच पहिला घोटाळा होतो. जामिनाचा अर्ज, शिक्षेविरुद्धचे अपील, तुरुंगातल्या वागणुकीची तक्रार हे सारे कैद्याचे ‘अर्ज’ आहेत. इंग्रजी अमलात १८७० साली झालेल्या कोर्ट फी कायद्याच्या कलम १९ मध्ये फीमधून वगळलेल्या कागदांची एक यादी आहे, आणि कैद्याने किंवा कोर्टाच्या बंधनात असलेल्या माणसाने केलेला अर्ज त्या यादीत आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही कोठडीतल्या माणसाकडून तिकीट मागणे बरे वाटले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पण तोच कैदी जेव्हा भावाविरुद्ध वाटपाचा दावा आणतो, उसने दिलेले पैसे मागतो किंवा सरकारकडून नुकसानभरपाई मागतो, तेव्हा तो दिवाणी वादी असतो. वादपत्रावर इतर कुणाही वादीप्रमाणे मूल्यांकनानुसार फी लागते, आणि वादी तुरुंगात आहे म्हणून ती आपोआप सुटत नाही. ती सोडवून घेण्याच्या वाटा दोन आहेत. दोन्ही वाटांना अर्ज लागतो. न मागता काही मिळत नाही.

पहिली वाट विधी सेवा प्राधिकरणाची. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत मदतीला कोण पात्र आहे ते सांगितले आहे, आणि त्यात कोठडीत असलेली व्यक्ती स्वतंत्रपणे मोडते. तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तलाठ्याच्या दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या नातेवाइकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. माणूस आत आहे हीच त्याची पात्रता. मदत म्हणजे नुसता वकील नव्हे. कोर्ट फी, समन्सचा भत्ता, निकालाच्या नकला, अपिलाचे पेपरबुक, लागेल तिथे भाषांतर, हा खर्चही तीत येतो. फक्त एक खबरदारी घ्यावी. माणूस जामिनावर बाहेर आला की ‘कोठडीतली व्यक्ती’ हा आधार सुटतो. मग तो अनुसूचित जाती-जमातीचा आहे का, अपंग आहे का, त्याचे उत्पन्न राज्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे का, हे पाहावे लागते. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातल्या भिल्ल किंवा पावरा कुटुंबांना जमातीच्या नात्याने ही मदत बाहेर आल्यावरही मिळते, आणि कोणत्याही स्त्रीला स्त्री म्हणूनच मिळते. तेव्हा नवरा आत असताना पत्नीला स्वतःच्या नावाने पोटगीचा किंवा हिश्श्याचा दावा लावायचा असेल, तर तिला नवऱ्याच्या कोठडीचाही आधार घ्यावा लागत नाही.

दुसरी वाट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ ची, म्हणजे निर्धन म्हणून दावा करण्याची. इथे फी माफ होत नाही, पुढे ढकलली जाते. दावा जिंकला तर सरकार ती फी मिळालेल्या मालमत्तेतून पहिल्या हक्काने वसूल करते. हरला तर ती भरण्याचा हुकूम वादीवर होऊ शकतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी तिची वसुली होते. या अर्जाच्या दोन अडचणी कैद्याला नेमक्या बोचतात. अर्ज अर्जदाराने जातीने हजर राहून द्यायचा असतो; कोर्टाने हजेरीतून सूट दिली असेल तरच त्याच्या वतीने अधिकृत प्रतिनिधी तो देऊ शकतो, आणि त्या प्रतिनिधीला प्रकरणातल्या सगळ्या महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत. दुसरे म्हणजे, अर्जाच्या आधीच्या दोन महिन्यांत मालमत्तेची लबाडीने विल्हेवाट लावलेली आढळली तर अर्ज फेटाळला जातो. अटकेनंतर घाबरून शेत चुलत्याच्या नावावर करून ठेवणारी माणसे आपण पाहतो. त्या खरेदीखताचा हा भुर्दंड त्यांच्या लक्षात येत नाही. मात्र आदेश ३३ चा एक मोठा फायदा आहे, आणि तो माझ्या मुद्द्याशी थेट जोडलेला आहे. मुदतीच्या दृष्टीने निर्धन म्हणून परवानगी मागणारा अर्ज दिला त्याच दिवशी दावा लागला असे धरतात. अर्ज नामंजूर झाला तरी कोर्ट फी भरायला वेळ देऊ शकते, आणि त्या वेळेत फी भरली तर दाव्याची तारीख मूळ अर्जाचीच राहते. म्हणजे पैसे नसताना दिलेला अर्ज तारीख वाचवतो. पैसे जमेपर्यंत थांबणे ती घालवते.

कोर्टाने ‘फी कमी भरली’ म्हटले की सगळे संपले, ही समजूतही चुकीची आहे. संहितेच्या कलम १४९ खाली कमी पडलेली फी नंतर भरू देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. आदेश ७ नियम ११ खाली वादपत्र फेटाळण्यापूर्वी फी भरण्यासाठी मुदत दिली जाते. आणि फेटाळले तरी त्याच कारणावर नवे वादपत्र दाखल करता येते, कारण हा हक्काचा निवाडा नसतो. कोर्टाने तुमचे म्हणणे खोटे ठरवलेले नसते. पण नवे वादपत्र मुदतीत बसले पाहिजे. पुन्हा तारखेशीच येऊन थांबतो.

मुदतीचा कायदा कैद्याशी कठोर आहे, आणि या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा परिच्छेद हाच समजावा. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम ६ मध्ये ज्यांच्यासाठी घड्याळ थांबते अशी माणसे दिली आहेत: अज्ञान मूल आणि मानसिक दृष्ट्या अक्षम व्यक्ती. कैद्याचे नाव त्यात नाही. माणूस पाच वर्षे आत होता, म्हणून पाच वर्षे मुदत वाढली, असे होत नाही. त्यातून कलम ५ खालची विलंबमाफी अपिलांना आणि अर्जांना मिळते, दाव्यांना मिळत नाही. त्यामुळे अपील उशिरा झाले तर कारण सांगून वाचवता येते; दावा उशिरा झाला तर तुरुंगवास हे कारणसुद्धा चालत नाही. कलम ३ तर असे सांगते की समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने मुदतबाह्य दावा फेटाळलाच पाहिजे. आता मुदती बघा. बेकायदा डांबून ठेवल्याच्या भरपाईचा दावा सुटकेपासून एक वर्षात. द्वेषबुद्धीने खटला भरल्याच्या भरपाईचा दावा निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला संपल्यापासून एक वर्षात. हे वर्ष बहुतेकांचे घर सावरण्यात, कर्ज फेडण्यात आणि गावात पुन्हा मान वर करण्यात जाते. मग कुणी सुचवतो की सरकारवर दावा ठोका, आणि कळते की दार केव्हाच बंद झाले. त्यातही सरकारविरुद्धच्या दाव्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस लागते आणि नोटिशीनंतर दोन महिने थांबावे लागते. तातडी असेल तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीवाचून दावा लावता येतो, पण ती परवानगी मागायची असते. नोटीस नाही म्हणून वादपत्र परत जाणे किंवा फेटाळले जाणे यात फीचा काडीचाही संबंध नसतो.

फौजदारी अपिलाची मुदत आणखी आखूड. न्यायदंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली असेल तर सत्र न्यायालयात ३० दिवस. सत्र न्यायालयाने दिली असेल तर उच्च न्यायालयात ६० दिवस; फाशीची शिक्षा असेल तर ३०. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांचे अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाते. मोठी शिक्षा झालेल्या बंद्याला जिल्हा कारागृहातून मध्यवर्ती कारागृहात हलवतात, आणि खानदेशातल्या माणसासाठी ते अनेकदा नाशिक रोडचे असते. माणूस नाशिकला, निकाल जळगावला, अपील संभाजीनगरला आणि कुटुंब पारोळ्याला: या चौकोनात कागद फिरेपर्यंत ६० दिवस सहज सरतात. म्हणून कायद्याने एक आखूड रस्ता ठेवला आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४ प्रमाणे (जुन्या संहितेत हे कलम ३८३ होते) बंद्याने आपले अपील आणि निकालाची नक्कल कारागृहाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे द्यायची. तो ती योग्य त्या न्यायालयाकडे पाठवतो. यालाच जेल अपील म्हणतात. त्याला तिकीट लागत नाही, वकील लागत नाही, सुरेख भाषाही लागत नाही. द्यायच्या दिवशी कारागृहाच्या नोंदवहीत तारीख पडली आहे का आणि आवक क्रमांक मिळाला आहे का, एवढे बंद्याने आग्रहाने बघावे आणि तो क्रमांक मुलाखतीच्या वेळी घरच्यांना सांगावा. सहीशिवाय किंवा तारखेशिवाय दिलेल्या कागदाचा पुढे पुरावा उरत नाही.

हा आग्रह कशासाठी, याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आहे. माधव होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालात अर्जदार एक उच्चशिक्षित प्राध्यापक होता. विद्यापीठाची बनावट प्रमाणपत्रे करण्याच्या प्रयत्नाबद्दल उच्च न्यायालयाने त्याची शिक्षा वाढवली होती. तो सर्वोच्च न्यायालयात कित्येक वर्षे उशिरा पोचला आणि म्हणाला, निकालाची नक्कल मला मिळालीच नव्हती. उच्च न्यायालयाने ती कारागृहाकडे वेळेत पाठवली होती. पण बंद्याच्या हातात पडल्याची त्याची सही कुठेच नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने त्याची याचिका फेटाळली, परंतु जाताजाता जे घालून दिले ते आजही प्रत्येक बंद्याच्या कामाचे आहे. शिक्षा सुनावताच निकालाची प्रत फुकट द्यायची, ती तुरुंगात गेली तर बंद्याला ताबडतोब देऊन त्याची लेखी पोच घ्यायची, अपिलासाठी सोय करून द्यायची, आणि तो गरीब असेल तर सरकारच्या खर्चाने वकील नेमायचा. निकालाची फुकट प्रत हा आता नव्या संहितेच्या कलम ४०४ खालचा हक्कही आहे. तेव्हा नक्कल विभागात अर्ज देऊन पैसे भरून नकलेची वाट पाहत बसण्यापूर्वी, शिक्षेच्या दिवशीच कोर्टात प्रत मागा. आणि नक्कल पैसे देऊनच काढली असेल तर तिच्या मागच्या शिक्क्यावरच्या तारखा जपून ठेवा. अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात.

जेल अपील गेले म्हणजे ते ऐकले जाईलच असे नाही. कलम ४२५ खाली अपील थोडक्यात फेटाळण्याचा अधिकार कोर्टाला आहे. पण त्यालाही कुंपणे घातली आहेत. बंद्याला बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय जेल अपील फेटाळायचे नाही. याला अपवाद दोनच: अपील निव्वळ बिनबुडाचे असेल, किंवा बंद्याला कोर्टात आणण्याचा त्रास प्रकरणाच्या मानाने फारच मोठा असेल. अपिलाची मुदत संपण्यापूर्वीही ते असे फेटाळता येत नाही. आणि तुरुंगातून गेलेले अपील फेटाळले गेले, पण त्याच बंद्याच्या वतीने वकिलाने नीट दाखल केलेले दुसरे अपील कोर्टाच्या नजरेतून सुटले होते असे आढळले, तर न्यायाच्या हितासाठी ते दुसरे अपील ऐकता येते. नातेवाइकांनी यातून एक धडा घ्यावा: ‘आता वकील लावलाच आहे, मग जेल अपील कशाला’ असे म्हणून बंद्याला थांबवू नका. आत लिहिलेला कागद मुदत वाचवतो, बाहेरचा वकील मुद्दे वाचवतो. शिवाय वकील तारखेला आला नाही म्हणून फौजदारी अपील काढून टाकता येत नाही, ते गुणदोषांवरच निकाली काढले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बानी सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दिवाणी बाजूला मात्र असे संरक्षण नाही, आणि तिथे कैद्यांचे दावे मुकाट्याने मरतात. आदेश ९ बघा. भत्ता भरला नाही म्हणून प्रतिवादीला समन्स बजावले गेले नाही, तर दावा फेटाळता येतो. तारखेला दोन्ही बाजू गैरहजर, फेटाळता येतो. प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर, तर फेटाळला जातो आणि त्याच कारणावर नवा दावा आणता येत नाही. मग पुरेसे कारण दाखवून ३० दिवसांच्या आत तो पुन्हा फायलीवर घेण्याचा अर्ज करणे एवढेच हाती उरते. ‘वादी तुरुंगात होता’ हे पुरेसे कारण ठरू शकते, पण ते सांगायला कुणीतरी ३० दिवसांत कोर्टात जायला हवे. आणि दावा निघाला हे तुरुंगातल्या वादीला कळणार कसे? उपाय साधा आहे. वादीच्या वतीने वकील हजर असला तर वादी हजर धरला जातो. त्यामुळे वकीलपत्र आणि घरच्या एका माणसाच्या नावाचे मुखत्यारपत्र या दोन कागदांवर कारागृह अधिकाऱ्यासमोर बंद्याची सही घेऊन ठेवणे, हे फीपेक्षा निकडीचे काम आहे. पुढे साक्षीची वेळ आली की आदेश १६-अ आडवा येतो. तुरुंग कोर्टापासून २५ किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर आयोगामार्फत म्हणजे कमिशनवर साक्ष घेऊन भागणार नाही अशी खात्री पटल्याशिवाय कोर्ट बंद्याला हजर करण्याचा आदेश देत नाही. आणि आणायचेच ठरले, तर पोलीस बंदोबस्तासह जाण्यायेण्याचा खर्च आधी कोर्टात भरायला सांगू शकते. नाशिक रोडच्या बंद्याचा दावा अमळनेरला असेल तर हा खर्च कोर्ट फीला मागे टाकील. म्हणून अशा प्रकरणात साक्ष कमिशनवर किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सवर घ्यावी, असा अर्ज वकिलाकडून सुरुवातीलाच द्यावा.

परदेशातला अनुभव हेच सांगतो. अमेरिकेत कैद्यांच्या दाव्यांचा पूर आला म्हणून १९९६ साली तिथल्या संसदेने वेगळा कायदा केला. गरीब कैद्यालाही फी पूर्ण भरावीच लागते, फक्त हप्त्यांनी: आधी तुरुंगातल्या त्याच्या खात्यातल्या सरासरी जमेच्या किंवा शिलकेच्या २० टक्के, मग दर महिन्याच्या जमेतून २० टक्के, जिल्हा न्यायालयाची ३५० डॉलरची फी फिटेपर्यंत. तीन दावे बिनबुडाचे किंवा खोडसाळ ठरून फेटाळले गेले, तर पुढे हप्त्यांची सवलतही बंद. गंभीर शारीरिक इजेचा तातडीचा धोका असेल तेवढाच अपवाद. इतका कडक कायदा, पण त्यातही खात्यात दमडी नाही म्हणून दावा नाकारू नये असे कलम आहे. उलट सहा महिन्यांचा खात्याचा प्रमाणित उतारा जोडला नाही म्हणून दावे अडकतात. फी वसूल करायला निघालेल्या व्यवस्थेतही कैदी अखेर कागदापाशीच अडखळतो. आपल्याकडे तर वसुलीपेक्षा सवलतीवर भर आहे. मग आपण त्या फीची धास्ती का बाळगावी?

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, फी नसली तर रिकामटेकडे कैदी फालतू अर्ज करीत सुटतील. पण गाळणी फीची नसली तरी इतर आहेतच. विधी सेवा प्राधिकरण प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का ते पाहते. निर्धन म्हणून केलेल्या अर्जात दाव्याचे कारणच दिसत नसेल तर तो फेटाळला जातो. अपील थोडक्यात फेटाळता येते. आणि फालतू काय हे आधी कुणी ठरवायचे? १९६०च्या दशकात प्रभाकर संझगिरी या स्थानबद्धाने मुंबईच्या तुरुंगात अणूविषयी मराठीत विज्ञानाचे पुस्तक लिहिले. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्यावे एवढीच त्यांची मागणी होती, आणि सरकारला ती परवानगी देण्याजोगी वाटली नाही. ते उच्च न्यायालयात जिंकले, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ साली तिथेही हरले. कायद्याने घातलेल्या निर्बंधांपलीकडे बंद्याचे स्वातंत्र्य हिरावता येत नाही, हे तत्त्व त्या वहीमुळे पक्के झाले. ज्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, तिथल्या वाचकाला तुरुंगातल्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: फुकटचा वकील लक्ष देत नाही. काही वेळा देत नाहीत, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१९ च्या अनोखीलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच दुखण्यावर बोट ठेवले. गंभीर गुन्ह्यात न्यायमित्र म्हणून नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव असावा आणि तयारीला किमान सात दिवस मिळावेत, असे सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुहास चकमा प्रकरणात तुरुंगातली विधी सेवा केंद्रे प्रत्यक्षात चालतात का, यावर लक्ष ठेवण्याचे निर्देश दिले. फौजदारी कामासाठी आता लोकअभिरक्षक कार्यालयाची व्यवस्था आली आहे; तिथले वकील खाजगी फौजदारी कामे घेत नाहीत. पण या आक्षेपाचे खरे उत्तर वेगळे आहे. पैसे देऊन लावलेला वकीलही मुदत चुकवू शकतो. त्याच्यावर नजर ठेवणे जितके तुमचे काम, तितकेच फुकटच्या वकिलावर ठेवणे. लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज देऊन वकील बदलून मागता येतो. तिसरा आक्षेप, ‘गुन्हेगाराचे एवढे लाड कशाला’, याला मी थोडक्यातच उत्तर देतो: जिल्हा कारागृहातले बरेच जण कच्चे कैदी असतात, त्यांचा गुन्हा अजून ठरायचा असतो, आणि ज्यांचा ठरला आहे त्यांच्याही वाट्याची जमीन शिक्षेने भावाची होत नाही.

कोणता कागद कुठे जातो याबद्दलही एक सावधगिरी. सुनील बात्रा प्रकरणात तुरुंगातून आलेल्या पत्राचीच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानली, ही गोष्ट इतकी प्रसिद्ध आहे की पत्र टाकले की काम झाले असा समज रूढ झाला आहे. मारहाण, उपचार नाकारणे, मुदतीपलीकडे डांबून ठेवणे यांसाठी पत्र योग्य. निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदुल शाहला १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच तक्रारीवर ३० हजार रुपये दिले, आणि जास्त भरपाईसाठी दिवाणी दावा करण्याची मुभाही ठेवली. पण शेतीचा वाद, उसनवारी किंवा पुरावा तपासावा लागेल अशी भरपाई पत्राने मिळत नाही; उच्च न्यायालय दिवाणी कोर्टात जा म्हणेल, आणि तोवर ते एक वर्ष उलटलेले असेल. चुकीच्या कोर्टात सद्‌भावनेने घालवलेला काळ मुदत अधिनियमाच्या कलम १४ खाली वजा करून मागता येतो, पण ती वादाची गोष्ट आहे, भरवशाची नव्हे.

पैसा खरोखर जिथे आडवा येतो ती जागा कोर्ट फीची नाही, जामिनाची आणि दंडाची आहे. जामीन मंजूर होऊनही जातमुचलक्याची रक्कम किंवा जामीनदार नाही म्हणून आत राहिलेला माणूस, आणि शिक्षा भोगूनही दंडाअभावी जादा दिवस काढणारा बंदी, यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांना मदतीची योजना आणली. सुरुवातीला ठरवलेली मर्यादा जामिनासाठी ४० हजार आणि दंडासाठी २५ हजार रुपयांची होती. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ, दहशतवाद अशा कायद्यांखालचे गुन्हे तीत बसत नाहीत. जिल्हा पातळीवरच्या समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. अर्ज या सचिवांमार्फत करावा. घरातली पुंजी तिकिटासाठी राखून ठेवण्याऐवजी इथे काय कमी पडते ते आधी पाहावे.

आता उद्या सकाळी करायचे काम. जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय विचारा. तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. जाणे जमत नसेल तर १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक लावा. बरोबर नेण्याचे कागद मोजके आहेत: गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाणे, खटल्याचा क्रमांक, बंद्याचे कारागृह आणि बंदी क्रमांक, निकाल झाला असेल तर त्याची तारीख, आणि दावा असेल तर सातबारा किंवा ज्यावर दावा उभा आहे तो कागद. अर्ज मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहा; अहिराणीच बोलता येत असेल तर तिथल्या विधी स्वयंसेवकाला सांगून लिहून घ्या. अर्जाची पोच मागा आणि त्यावर शिक्का व तारीख बघा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मिळवून ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपमध्ये घाला, म्हणजे पुढची तारीख आणि प्रकरण चालू आहे की निघाले हे घरबसल्या दिसेल. दर आठवड्याला एकदा ते उघडून बघण्याचे काम घरातल्या एखाद्या शाळकरी मुलावर सोपवले तरी चालेल. तिथे प्रकरण निकाली निघाल्याची नोंद दिसली, तर त्याच दिवशी निकालाची प्रत मागा आणि प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा; पुन्हा फायलीवर घेण्याच्या अर्जाचे ३० दिवस मोजायला दावा फेटाळल्याच्या दिवसापासूनच सुरुवात झालेली असते.